द्राक्षाच्या गावात जेवायचं कुठं?

या वेळची नोंद हुमणीवर नाही आणि खोडव्याच्या खतावरही नाही. जेवणावर आहे, आणि जरा लांबली आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सहा जण बोलेरो करून नाशिकला गेलो. शुक्रवारी रात्री निघालो, सोमवारी पहाटे परत. काम एकच होतं. द्राक्षाच्या मळ्यावर शहरातली माणसं पैसे मोजून जेवायला येतात म्हणे, ती का येतात आणि त्यातनं शेतकऱ्याला काय मिळतं ते बघायचं. कारण घरात वाद पेटला होता. आमचं भोगावती काठाला गुऱ्हाळ आहे. आजोबांच्या वेळचं. पुतण्या म्हणतो, शनिवारी-रविवारी पुण्याची माणसं पन्हाळा, जोतिबा करून जातात, त्यांना गुऱ्हाळावर जेवायला घालू, ताटाचे पैसे घेऊ. आई म्हणते, भाकरीचे घ्या एक वेळ, पण रसाचे पैसे घ्यायचे नाहीत. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस पाजायचा, काकवी चाखवायची, पोराच्या हातात कांड्यावर गरम गूळ गुंडाळून द्यायचा, आणि वाटंला लावायचं. याचा दर कधी कुणी लावला नाही.

तर हा वाद घेऊन आम्ही द्राक्षाच्या गावाला निघालो आणि कराडच्या आतच दुसरा वाद सुरू झाला. नाशिकला जेवायचं कुठं? सहापैकी दोघं माळकरी. एकाला मटणाशिवाय प्रवास प्रवास वाटत नाही. आमच्या गावचे कृषी सहायक बरोबर होते, त्यांना वायनरीतच जेवायचं होतं, “बघायला जातोय तर तिथलंच खाऊया की.” पुतण्या मोबाईलवर चांदण्या मोजत होता, कुठल्या हॉटेलला चार, कुठल्याला साडेचार. आणि मला वाटत होतं की ज्याच्या बागेतली द्राक्षं वायनरीत जातात अशा माणसाच्या घरी जेवावं.

माझे आजोबा १९५६ च्या सिंहस्थाला नाशिकला गेले होते. त्यांना हा प्रश्न पडलाच नव्हता. बरोबर पीठ, तिखट, गुळाचा खडा. पंचवटीत तीर्थोपाध्यायांच्या वाड्यात पथारी, अंगणात तीन दगडांची चूल. घराण्याची नावं ज्यांच्या वहीत, त्यांच्याकडंच उतरायचं. निवड नव्हतीच. वाटेत विकतचं खाणं म्हणजे जरा कमीपणाचं, असं आजोबा शेवटपर्यंत मानायचे. आणि ते एकटे नव्हते. इंग्रजांच्या काळात रेल्वेच्या फलाटावर पाणीसुद्धा हिंदूंचं वेगळं आणि मुसलमानांचं वेगळं मिळायचं. कुठं खायचं यापेक्षा कुणाच्या हातचं आणि कुणाच्या शेजारी बसून खायचं, हाच आपल्याकडं खरा प्रश्न होता.

कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. भाऊसिंगजी रोडवरच्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलाची गोष्ट आपल्याकडं शाळकरी पोरालाही माहीत असते, तरी थोडक्यात सांगतो. गंगाराम कांबळे हे त्या वेळी अस्पृश्य मानलेल्या समाजातले, महाराजांच्या पागेकडं नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून बाकीच्या नोकरांनी त्यांना मारहाण केली. शाहू महाराज तेव्हा बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. ‘सत्यसुधारक’ नावाचं चहाचं हॉटेल निघालं. चहा चांगला, जागा स्वच्छ, पण वरच्या म्हणवणाऱ्या जातींचं गिऱ्हाईक कोण येणार? मग महाराज स्वतः खडखड्यातून जाताना हॉटेलासमोर थांबायचे, चहा मागवायचे, स्वतः प्यायचे आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही प्यायला लावायचे. हुकूम काढून जे झालं नसतं ते गाडी थांबवून केलं.

याच महाराजांनी १९२० साली नाशिकला उदोजी मराठा विद्यार्थी वसतिगृहाची कोनशिला बसवली. वसतिगृह म्हटलं की आपण झोपायची जागा समजतो. पण त्या काळात खेड्यातलं पोरगं शहरात शिकायला आलं तर पहिली अडचण झोपायची नसायची, जेवायची असायची. देवळाच्या ओट्यावर झोपता येतं, जेवायला कुणाची तरी पंगत लागते. कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली त्यामागं हे पंगतीचं कोडं होतं. म्हणजे कोल्हापूर आणि नाशिक यांच्यात जेवणाचं नातं शंभर वर्षांपूर्वीच जडलंय, वाईन वगैरे फार नंतरची.

आता द्राक्षाकडं येतो. द्राक्ष आपल्याकडं नवीन नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादला आला होता. तिथं द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं त्यानं लिहून ठेवलंय. (आजही एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या आपण करतो. दोनदा फुटणाऱ्या वेलीला एकदाच फळ घ्यायला लावणं, हे नंतरच्या शेतकऱ्याचं डोकं.) नाशिक जिल्ह्यात ओझरला १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षाची लागवड केली, तिथून आजच्या बागायतीची सुरुवात मानतात. तेव्हा भोकरी, फकडी, पांढरी साहेबी असली बियांची द्राक्षं होती. साठच्या दशकानंतर थॉमसन सीडलेस आलं आणि सगळा हिशोब बदलला. आपल्या शेजारी तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच तास-ए-गणेश निवडलं. सोलापूरकडं नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी सोनाका दिलं. ही सगळी खायची द्राक्षं. वाईनशी त्यांचा संबंध नव्हता.

वाईनचा पहिला मोठा उद्योग पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला, ऐंशीच्या दशकात, शामराव चौगुल्यांच्या इंडाजनं उभा केला. फेसाळ वाईन करायची आणि परदेशात पाठवायची. ओमर खय्याम नावानं ती तिकडं विकली गेली. लक्षात घ्या, इथं पिकवायचं, इथंच मुरवायचं आणि प्यायचं मात्र तिकडच्यांनी. मळ्यावर कुणी येऊन जेवावं ही कल्पना त्यात मध्यभागी नव्हती. ती कंपनी पुढं कर्जात गेली आणि बंद पडली.

ती कल्पना मध्यभागी आणली सुलानं. राजीव सामंत अमेरिकेत शिकून, तिथली नोकरी सोडून आले. गंगापूर धरणाजवळ घरची जमीन होती. आंबा करून बघितला, गुलाब करून बघितले, खायची द्राक्षंही केली. मग केरी डॅमस्की नावाच्या कॅलिफोर्नियाच्या वाईन करणाऱ्या माणसाची मदत घेऊन सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या वाईनच्या जाती लावल्या. २००० साली पहिली बाटली बाजारात आली. आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं साल पुढचं आहे, २००५. त्या वर्षी त्यांनी मळ्यावर चाखायची खोली काढली. बागेकडं तोंड करून बसायचं, पेल्यात थोडी थोडी ओतून घ्यायची, कशी केली ते ऐकायचं. २००८ पासून गाण्याबजावण्याचा सुलाफेस्ट सुरू झाला. पुढं राहायच्या खोल्या आल्या. आणि जेवण आलं. गंमत म्हणजे बरीच वर्षं तिथं चाललेलं एक हॉटेल, लिटल इटली, पूर्ण शाकाहारी होतं. वाईनच्या मळ्यावर इटलीचं जेवण आणि तेही शाकाहारी! हे ऐकून आमचे माळकरी जरा सैल झाले, पण फार नाही.

जेवण का आलं, हे समजून घ्यायला पाहिजे. आपल्याकडच्या माणसाला वाईन म्हणजे दारूच. दुकानात बाटली बघून तो घेत नव्हता. चव माहीत नाही, कशाबरोबर प्यायची माहीत नाही, घरी नेली तर घरचे काय म्हणतील. तोच माणूस बायकोपोरांसह बागेत आला, पुढ्यात ताट आलं, समोर वेली दिसल्या, की तो एक पेला घेतो आणि जाताना दोन बाटल्या. विक्री बाटलीची, पण ती टेबलावर झाली. आज सुला शेअर बाजारात आहे, डिसेंबर २०२२ पासून, आणि तिच्या हिशोबात पर्यटनाचं उत्पन्न वेगळं दाखवतात. शेजारी यॉर्क, सोमा यांनीही तेच केलं.

याच्या जोडीला सरकारचं धोरण होतं. २००१ साली महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. द्राक्षापासूनच्या वाईनला उत्पादन शुल्क माफ केलं, परवाने सोपे केले आणि दोन वाईन पार्क काढले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला. दुसरा कुठं? तर आपल्यापासून तास-दीड तासावर, सांगली जिल्ह्यात पलूसला. कृष्णा व्हॅली वाईन पार्क.

आता मला सांगा, आम्ही पलूस सोडून सव्वाचारशे किलोमीटर नाशिकला का गेलो? धोरण एकच, द्राक्ष पिकवण्यात तासगाव-पलूसचा माणूस नाशिककरापेक्षा तसूभर कमी नाही, जमीन चांगली, पाणी कृष्णेचं. पण पलूसला टाक्या आल्या, यंत्रं आली, जेवायला कुणी आलं नाही. नाशिकला मुंबईची गाडी तीन-साडेतीन तासांत पोचते. पलूसला शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री परत जाईल असं गिऱ्हाईक जवळ नव्हतं, आणि बोलवायचा प्रयत्नही फारसा झाला नाही. माझं मत असं, की तिथं माल करायचं शिकवलं, पाहुणा करायचं शिकवलं नाही. कुणाला हे पटणार नाही. सांगलीचे मित्र रागावतीलही.

मधल्या काळात एक मोठी आपटी बसली ती विसरू नये. २००८ च्या शेवटी जगभर मंदी आली, त्यातच मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वाईनची मागणी बसली. वायनऱ्यांनी द्राक्षं उचलायचं कमी केलं. करारावर वाईनची जात लावलेल्या शेतकऱ्याची अडचण अशी की ती द्राक्षं बाजारात खायला चालत नाहीत. बारीक मणी, जाड साल, बी आत. व्यापारी बघतसुद्धा नाही. नाशिक काय, सांगली काय, अनेकांनी बागा काढून टाकल्या. ज्यांचं टेबल होतं ते तगले, ज्यांच्याकडं फक्त टाकी होती त्यांतले बरेच गेले. हे माझं निरीक्षण आहे, अभ्यास नव्हे.

बाहेरच्या जगात हे टेबल जुनं आहे. ऑस्ट्रियाचा बादशहा दुसरा जोसेफ यानं १७८४ साली फर्मान काढलं की शेतकऱ्यानं आपल्या मळ्यातली वाईन आणि आपल्याच घरचं खाणं आपल्या दारात विकायला हरकत नाही, वेगळा परवाना नको. व्हिएन्नाच्या आसपासचे शेतकरी तेव्हापासून दारावर हिरवी डहाळी बांधतात. डहाळी दिसली की समजायचं, आज इथं मिळतं. वाईन संपली की डहाळी उतरवायची. इटलीनं १९८५ ला शेतावरच्या पाहुणचाराचा कायदा केला. त्यात मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे आणि ताटात घरचा माल पाहिजे, असं बंधन घातलं. महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं. आणि पुतण्या ज्या चांदण्या मोजत होता, त्या कुणाच्या डोक्यातनं आल्या असतील तर टायर विकणाऱ्यांच्या. फ्रान्सच्या मिशलिन बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांना फुकट पुस्तिका वाटली. गाडी कुठं दुरुस्त होईल, मुक्काम कुठं करावा हे त्यात दिलेलं. पुढं कुठं जेवावं याला महत्त्व आलं आणि १९२६ पासून चांदण्या द्यायला लागले. माणसं जेवायला लांब गेली की टायर झिजतात. सरळ हिशोब आहे.

तर नाशिक. शनिवारी सकाळी न्याहारीवर एकमत झालं, कारण मिसळीला माळकरी पण चालतात आणि मटणवालाही चालतो. गंगापूर रोडच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीची मोठमोठी ठिकाणं झाली आहेत. साधना मिसळ सगळ्यांना माहीत आहे. झाडाखाली बाज टाकलेली, पोरांना झोपाळे, बाहेर बैलगाडी. मिसळीबरोबर पापड, दही आणि पाव. आमच्यातल्या एकानं ब्रेड मागितला आणि पाव बघून तोंड वाकडं केलं. कोल्हापूरकराला मिसळीत स्लाइसच लागतो, त्याला इलाज नाही. रस्सा चांगला होता. पण मला मिसळीपेक्षा गर्दी बघायची होती. सकाळी नऊला वाहनतळ भरलेला, आणि त्यातल्या निम्म्या गाड्या पुढं वायनरीकडं जाणाऱ्या. म्हणजे वायनरीच्या टेबलानं मिसळवाल्याचंही टेबल भरलं. हे पुतण्यानं लगेच टिपून घेतलं.

दुपारी वायनरीत गेलो. नाव सांगत नाही, नावाची गरजही नाही. फेब्रुवारी, त्यामुळं तोडणी चालू. वाईनच्या द्राक्षाला तोडणीच्या वेळी बावीस-चोवीस ब्रिक्स गोडी लागते, आपण खायला तोडतो ती अठराच्या आसपास. वेलीवर माल कमी ठेवतात. खायच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन घेणारा माणूस इथं चार-पाच टनावर थांबतो, कारण जास्त धरलं तर चव पातळ होते. ज्यांना फक्त टन मोजायची सवय आहे अशा आम्हा ऊसवाल्यांना हे ऐकून कसंतरीच झालं. एका बाटलीला सव्वा किलोच्या आसपास द्राक्ष लागतं. बाटलीची किंमत बघितली आणि कृषी सहायकांनी फोनवर गणित मांडलं. ते गणित मी इथं लिहीत नाही. तुमचं तुम्ही मांडा.

जेवायला आम्ही चौघंच बसलो. माळकरी बाहेर गाडीत डब्यातली दशमी खात बसले. त्यांना आत शाकाहारी मिळत होतं, तरीही. मी आग्रह केला नाही. जिथं बसायला मन घेत नाही तिथं ताट कितीही चांगलं असो, घास उतरत नाही. आत काचेतून बाग दिसत होती. जेवण चांगलं होतं, थोडं होतं, चौघांचं बिल साडेचार हजार झालं. वाढणारी पोरं अदबशीर, आसपासच्याच गावची. एकाला विचारलं, घरी काय? म्हणाला, द्राक्षच, पण भावाकडं. त्याच्या घरातनं एक माणूस बागेत आणि एक टेबलाजवळ. हा मुद्दा मला बिलापेक्षा जास्त दिवस पुरला.

रात्री दिंडोरी तालुक्यात एका बागायतदाराच्या घरी जेवलो. कृषी सहायकांच्या ओळखीचे. त्यांनी एके काळी दोन एकर वाईनची जात करारावर लावली होती, मंदीनंतर काढली, आता सगळं निर्यातीचं थॉमसन. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्याचं कोंबडं, माळकऱ्यांना शेवेची भाजी. ओसरीवर सहाही जण एका ओळीत बसलो, प्रवासात पहिल्यांदाच. मी विचारलं, दादा, तुमची द्राक्षं जायची त्या वायनरीत कधी जेवलात का? ते हसले. म्हणाले, “द्राक्षाची गाडी घेऊन मागच्या दारानं बऱ्याचदा गेलो. पुढच्या दारानं जायचं कधी सुचलंच नाही.” तक्रार नव्हती त्यात. त्यांच्या मंडळींनी तेवढ्यात आणखी भाकरी वाढली. निघताना मी पैशाचा विषय काढायला गेलो तर त्यांनी असं बघितलं की मला आईची आठवण झाली.

परतीच्या वाटेवर पुतण्या आणि मी पुढच्या सीटवर. तो म्हणाला, “काका, आपल्याकडं हे नाहीच असं नाही. गंगावेशीत दूधकट्टा काय आहे मग?” आणि बरोबर होतं त्याचं. आपल्याकडं म्हैस शहरात आणायची, गिऱ्हाइकासमोर धार काढायची, फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचा आणि पैसे घ्यायचे, हे पिढ्यान् पिढ्या चाललंय. तालमीतली पोरं त्या दुधावर वाढली. तिथं ना पाणी घालायची सोय, ना मधला माणूस. दुधाचे पैसे घेताना गवळ्याला कधी कमीपणा वाटला नाही. मग रसाचे घेताना का वाटावा?

याचं उत्तर मला रात्रभर सापडलं नाही. नंतर वाटलं, दूध हा रोजचा धंदा होता, गुऱ्हाळावरचा रस हा नव्हता. गूळ विकायला शाहूपुरी होती. १८९१ ला मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली आणि १८९५ ला महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली, तेव्हापासून गुऱ्हाळवाल्याला रोकड बाजारात मिळायची, दारात मागायची गरज नव्हती. आदण उतरलं, वाफ्यात ओतलं, रवे बांधले, गाडी शाहूपुरीला. रस पाजणं हे त्या सुबत्तेचं होतं. आता ती सुबत्ता कुठं आहे? गुळव्या मिळत नाही, चुलव्या मिळत नाही, साखर मिसळलेला गूळ आपल्या नावावर खपतो. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा भाव मला तरी पट्टीत दिसला नाही. आमच्या नदीकाठची गुऱ्हाळं एकेक करून बंद होत गेली. दर बरा असला की लोक ऊस कारखान्याला घालतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

हिशोब सांगतो. एक टन उसातनं आमच्या चरकावर साधारण साडेपाचशे लिटर रस निघतो. त्याचा गूळ केला तर एकशे दहा-वीस किलो. तोच रस पाव लिटरच्या पेल्यानं दिला तर बावीसशे पेले. वीस रुपयांनी धरा, चव्वेचाळीस हजार. कारखान्याचा टनाचा दर तुम्हाला माहीत आहे. अर्थात बावीसशे पेले प्यायला माणसं कुठनं आणायची, बर्फ, आलं, लिंबू, पेले धुणारा माणूस, संडास-बाथरूम, वाहनं लावायला जागा, हे सगळं वजा जायचंय. आणि रस तासाभरात काळा पडतो, तो वाईनसारखा टाकीत ठेवून मुरत नाही. ज्याला हे गणित फार गोड वाटतंय त्यानं आधी एक शनिवार नुसता उभा राहून किती गाड्या थांबतात ते मोजावं. आम्ही मोजल्या. चार शनिवारांत मिळून एकोणीस.

आईला सगळं सांगितलं. वायनरी, साडेचार हजार, दिंडोरीचं जेवण, दूधकट्टा. तिनं ऐकून घेतलं. ताटाला तिची हरकत नाही असं ठरलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, आंबाड्याची भाजी असेल तेव्हा भाजी, आणि वर काकवी. मटण नाही, कारण चुलवाणाजवळ ते शिजवायचं नाही हे तिचं दुसरं कलम. ताटाला दीडशे. पंगत एकच, येईल तो ओळीनं बसेल, गुळव्या आणि चुलव्या सुद्धा त्याच ओळीत, आमचं वाढून झालं की आम्हीही. हे शेवटचं मी घातलं, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही.

रसाचं मात्र ठरलं नाही. पुतण्या म्हणतो वीस. आई म्हणते, ताटाचे घेतलेत ना, मग रस आपला. मी म्हटलं, जेवला त्याला फुकट, नुसता रस प्यायला थांबला त्याला वीस. त्यावर आई म्हणाली, “उन्हातनं आलेल्या माणसाला आधी विचारू काय, जेवणार आहेस का म्हणून?”

दसऱ्यानंतर चरक सुरू होईल. पाटी रंगवून आणलीय, ताटाचा दर लिहिलाय, रसापुढची जागा मोकळी ठेवलीय. तुमच्यापैकी कुणी गुऱ्हाळावर किंवा बागेत जेवण चालू केलं असेल तर पहिल्या वर्षाचा खरा हिशोब कळवा, तोट्याचा असला तरी. विशेषतः पाणी आणि भांडी घासायला किती माणसं लागतात ते.